साइन व कोसाइन पदांचे एकत्रीकरण

एकाच कोनाच्या साइन आणि कोसाइन पदांची बेरीज एकाच साइन पदात मांडण्याची त्रिकोणमितीतील रीत. सूत्र असे :

अ साइन क्ष + ब कोसाइन क्ष = र साइन (क्ष + फ)

येथे र = √(अ² + ब²). फ हा कोन र कोसाइन फ = अ आणि र साइन फ = ब या दोन्ही अटी पाळणारा असावा लागतो. उजवी बाजू कोनांच्या बेरजेच्या सूत्राने उलगडली की सिद्धता पुरी होते. ते सूत्र दुसऱ्या भास्कराचार्यांनी १२व्या शतकात दिलेले आहे. फ काढताना नुसत्या ब/अ या गुणोत्तरावर विसंबू नये. अ ऋण असेल, तर टॅन फ = ब/अ वरून कॅल्क्युलेटरवर आलेल्या कोनात १८० अंश मिळवावे लागतात.

बारावीच्या गणितात ही रीत अ कोसाइन क्ष + ब साइन क्ष = क या समीकरणाच्या निमित्ताने भेटते. ३ साइन क्ष + ४ कोसाइन क्ष ही राशी ५ च्या वर जाऊच शकत नाही. तेव्हा ती ६ बरोबर मांडली, तर उकल शोधण्यात अर्थ नाही.

रीतीचा खरा उपयोग मात्र विजेत दिसतो. सांगली-साताऱ्याकडे कृष्णेचे पाणी उसाला चढवणारी मोटर घ्या. समजा, तिच्या एका फेजमध्ये व्होल्टेजसोबत चढउतार होणारा ४ अँपिअर आणि पाव आवर्तन मागे राहणारा ३ अँपिअर असे प्रवाहाचे दोन घटक आहेत. एकूण प्रवाह ४ साइन क्ष − ३ कोसाइन क्ष, म्हणजे ५ साइन (क्ष − ३६.८७°). वायरमधून ७ नव्हे, ५ अँपिअर वाहतात. मागे पडलेल्या कोनाचा कोसाइन ०.८, हाच पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण प्रवाहात प्रत्यक्ष कामी येणाऱ्या घटकाचे प्रमाण. मोटरीला समांतर जोडलेला कपॅसिटर पाव आवर्तन पुढे असलेला प्रवाह घेतो. तो ३ अँपिअरचा असेल, तर कोसाइन पद उडते. लाइनवर ४ अँपिअरच राहतात आणि मोटरीचे काम तसूभरही कमी होत नाही. कपॅसिटर बसवणे म्हणजे ब शून्याकडे नेणे, इतकाच त्याचा गणिती अर्थ.

दोन्ही पदांची वारंवारता सारखी असणे ही रीतीची अट आहे. मिरजेत घडवलेल्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या, की त्यांच्या लहरींची बेरीज एका स्थिर साइन पदात बसत नाही. र स्वतःच कमीजास्त होत राहतो आणि आवाज हेलकावतो. तारा तंतोतंत जुळल्या, की मूळ स्वराला हे सूत्र पुन्हा लागू पडते.