बोकाज

बोकाज : पश्चिम फ्रान्समधील, विशेषतः नॉर्मंडी, ब्रिटनी, मेन व व्हाँदे या भागांतील बांधबंदिस्त शेतांचे भूदृश्य. लहान, वेड्यावाकड्या आकाराची शेते, त्यांभोवती मातीचे बांध, बांधांवर ओक, चेस्टनट, हेझल व काटेरी झुडपांची दाट रांग आणि दोन बांधांमधून जाणाऱ्या खोल पाणंदी, असे त्याचे स्वरूप असते. चर्चभोवती छोटे गाव आणि बाकीची शेतकरी घरे वाड्यावाड्यांतून विखुरलेली, अशी येथील वस्ती. गुरे व सायडरची (सफरचंदाच्या मद्याची) सफरचंदे ही प्रमुख उत्पन्ने. पॅरिसच्या नैऋत्येकडील बोस प्रदेशातील उघड्या गव्हाच्या शेतांत यांपैकी काहीच आढळत नाही.

बोकाजच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. जर्मन अभ्यासक आउगुस्ट माइट्झेन याने १८९५ मध्ये विखुरलेल्या वस्त्यांचा संबंध प्राचीन यूरोपातील केल्टिक लोकांशी जोडला. मार्क ब्लॉक या इतिहासकाराने १९३१ मध्ये हे वांशिक स्पष्टीकरण अपुरे ठरवून पीकपद्धती व सामूहिक चराईच्या रूढींकडे लक्ष वेधले. या भागात लोहयुगीन कुंपणांचे अवशेष सापडले आहेत. तथापि आजचे बांध त्यांचेच वंशज आहेत, असे त्यावरून म्हणता येत नाही. आजचे जाळे बहुधा मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून टप्प्याटप्प्याने वाढत गेले व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वांत दाट झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटनीतील सामाईक माळरानांची वाटणी १८५० च्या कायद्याने सुलभ झाली आणि तेथेही नवे बांध पडले. त्यामुळे बोकाजला ‘आदिम’ म्हणणे योग्य नव्हे.

बांध टिकले ते कुळांच्या श्रमावर. करारानुसार बांधावरील झाडाचे खोड मालकाचे, तर फांद्या कुळाच्या. साधारण नऊ वर्षांच्या फेऱ्यात त्या तोडून सरपण केले जाई. ब्रिटनीतील रेन शहराभोवती अशी झाडे अजून दिसतात : उंच, गाठाळ, बुंध्यापासून वरपर्यंत फांद्या छाटलेले खोड आणि शेंड्यावर पानांचा एकच झुबका. स्थानिक लोक त्यांना ‘रागोस’ म्हणतात.

फ्रेंच क्रांतिकारी शासनाविरुद्धच्या १७९३ च्या व्हाँदे उठावात बंडखोरांना या पाणंदींचा आसरा मिळाला. १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत दुसऱ्या महायुद्धातील दोस्त राष्ट्रांचे रणगाडे याच बांधांशी अडले.

सरपणाची गरज ओसरली, ट्रॅक्टर आले आणि शासनाने जमिनींची तुकडेजोड हाती घेतली (कायदा १९४१, मोठा विस्तार १९६० नंतर). बांध उपटल्याने पावसाचे पाणी थेट ओढ्यांत जाऊ लागले व मातीची धूप वाढली. १९५० पासून देशातील सुमारे ७० टक्के झाडाझुडपांची कुंपणे नष्ट झाली असावीत. २०१७–२१ या काळात वार्षिक घट सरासरी २३,५०० किमी. होती. ही हानी भरून काढण्यास लागवडीइतकीच नियमित छाटणीचीही गरज आहे. ब्रिटनीत २००७ पासून ‘ब्रेझ बोकाज’ योजनेखाली नवे बांध घालून त्यांवर झाडे लावली जात असून, नद्यांच्या पाण्याची गुणवत्ता सुधारणे हा तिचा एक प्रमुख हेतू आहे.