260 अंशांचा घोळ : इंजिनातल्या प्लास्टिकची पार्श्वभूमी

थ्रस्ट वॉशर, सील रिंग किंवा बुश अशा इंजिनातल्या घासणाऱ्या किंवा तेल अडवणाऱ्या छोट्या भागांसाठी प्लास्टिक निवडायला बसलं की पीटीएफई, पीक (पॉलिइथर-इथर-कीटोन, इंग्रजीत PEEK), पॉलिइमाइड, पॉलिअमाइड-इमाइड ही नावं समोर येतात. बहुतेकांच्या माहितीपत्रकात सतत वापराचं तापमान 260 अंश सेल्सिअस किंवा त्याच्या आसपास छापलेलं असतं. बरेचसे वाद या एका आकड्यापाशी सुरू होतात.

पीटीएफई, म्हणजे वर्कशॉपमध्ये ज्याला सरसकट टेफ्लॉन म्हणतात ते, 1938 मध्ये न्यू जर्सीतल्या एका प्रयोगशाळेत अपघातानेच हाती लागलं. सिलिंडरमधून वायू येईना आणि वजन तर भरत होतं, म्हणून तो कापला, तेव्हा आत पांढरी, मेणचट भुकटी निघाली. घर्षण इतकं कमी की त्या बाबतीत आजही दुसरं प्लास्टिक त्याच्या जवळ येत नाही. पण दाब पडला की ते हळूहळू पसरत आकार सोडतं, आणि भरणी नसेल तर झिजतंही भराभर. म्हणून त्यात काच, कार्बन, ब्राँझ घालायची पद्धत पडली. 1960च्या दशकात न वितळणारं पॉलिइमाइड आलं, 1970च्या दशकात पॉलिअमाइड-इमाइड आणि त्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पीक. 1980च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत एका अभियंत्याने ब्लॉकपासूनचे बरेच भाग प्लास्टिकचे असलेलं इंजिन बांधलं आणि ते शर्यतीत उतरवलं. क्रँकशाफ्ट, सिलिंडरचे लायनर आणि ज्वलनाशी थेट भिडणारे भाग मात्र त्यानेही धातूचेच ठेवले. ही सीमारेषा अजून फारशी हललेली नाही.

आता तो आकडा. सतत वापराचं तापमान ठरवताना नमुने भट्टीत हजारो तास ठेवतात, बाहेर काढून गार करतात आणि मग ओढून ताकद किती उरली ते पाहतात. भट्टीत असताना नमुन्यावर भार नसतो. म्हणजे हा आकडा प्लास्टिक उष्णतेने किती जुनं होतं ते सांगतो. त्या तापमानाला ते किती ताठ राहील, याबद्दल तो काहीच बोलत नाही. पीकचं काच-संक्रमण, म्हणजे ताठ प्लास्टिक नरम पडू लागणं, 143 अंशांना होतं. त्यापुढे भरणी नसलेल्या पीकचा ताठपणा दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो, आणि तरीही पत्रकावरचे 260 खरेच असतात. पॉलिअमाइड-इमाइडचं हेच संक्रमण 275 च्या पुढे आहे, त्यामुळे 200 अंशांच्या तेलात भार घेऊन तेच तग धरतं. पीटीएफई 327 अंशांपर्यंत वितळत नाही, पण भाराखाली साध्या खोलीतही पसरतं. घोळ वाढवायला आणखी एक आकडा असतो, भाराखाली वाकण्याचं तापमान. 30 टक्के कार्बन तंतू घातले की पीकसाठी तो 300 च्या वर जातो. तिथे ताठपणा तंतूंनी दिलेला असतो, भोवतीचं पीक 143 लाच नरम पडलेलं असतं. माझ्या मते खरेदीच्या कागदावर 260 लिहिणं बंद करून प्रत्यक्ष तापमानाचा ताठपणा आणि दाब-वेगाची मर्यादा, म्हणजे घासताना दाब आणि वेग मिळून किती सोसेल तो आकडा, मागायला हवी.

उष्णतेच्या या गोंधळात थंडीकडे दुर्लक्ष होतं. पीटीएफईची स्फटिकरचना 19 अंशांच्या आसपास बदलते आणि आकारमान एक टक्क्याहून जास्त वाढू शकतं. भोसरीत जानेवारीच्या सकाळी 50 मिलिमीटरची रिंग मापात बसते आणि दुपारी तीच दीड दशांश मिलिमीटरने मोठी निघते. बिचाऱ्या टर्नरवर राग काढण्याआधी रिंग आणि मायक्रोमीटर 23 अंशांच्या खोलीत ठेवून पुन्हा मोजावं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत चित्र बदललं ते स्टार्ट-स्टॉप आणि पातळ तेलामुळे. सिग्नलला बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या इंजिनात बेअरिंग प्रत्येक वेळी तेलाची फिल्म तयार होण्याआधी शाफ्टला घासतं. त्यावर पॉलिअमाइड-इमाइडचा पातळ लेप हा उपाय निघाला. पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे सिलिंडरला घासणाऱ्या खालच्या भागावर, ग्राफाइट मिसळलेला तसाच लेप आधीपासून होता. भारतातही गुजरातेतल्या पानोलीत पीक बनू लागलं आणि पुढे तो व्यवसाय परदेशी कंपनीकडे गेला.

2023च्या सुरुवातीला पाच युरोपीय देशांनी फ्लोरिनयुक्त रसायनांच्या मोठ्या गटावर बंदीचा प्रस्ताव मांडला. त्यात पीटीएफईही येतं, आणि सरकपणासाठी पीकमध्ये मिसळलेली त्याची भुकटीसुद्धा. पीटीएफई स्वतः निष्क्रिय आहे, असं उत्पादक म्हणतात. ते बनवताना पाण्यात जाणाऱ्या रसायनांकडे विरोधक बोट दाखवतात, आणि त्यांचं म्हणणं मला सहज बाजूला सारता येत नाही. पर्याय म्हणून ग्राफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड पुन्हा चर्चेत आहेत. ग्राफाइटला सरकायला थोडा ओलावा लागतो, तर मॉलिब्डेनम डायसल्फाइड कोरड्यातच उत्तम चालतं. त्यामुळे पीटीएफई जिथे जिथे होतं, तिथे सगळीकडे बसेल असा एकच पदार्थ यातून मिळत नाही.