वॉल्डन, नारद मायकेल : सोल व जॅझ-पॉप अल्बम

अमेरिकन ड्रमर, गायक, गीतकार व निर्माता नारद मायकेल वॉल्डन (जन्म २३ एप्रिल १९५२, कॅलमझू, मिशिगन) यांनी साधारणपणे १९७६ ते १९८८ या काळात स्वतःच्या नावावर काढलेली अल्बममालिका. फ्यूजन जॅझ (जॅझ व रॉक यांचे मिश्रण), सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचे भावोत्कट गायनप्रधान संगीत), फंक (ठेका व बास पुढे ठेवणारा त्याचाच एक प्रकार), डिस्को आणि पॉप या साऱ्यांचे अंश तिच्यात कमीअधिक प्रमाणात आढळतात. त्यामुळे तिचे वर्गीकरण कसे करावे याबाबत एकमत नाही. जॅझचे कोशकार पहिल्या अल्बमापाशी थांबतात, तर सोल व नृत्यसंगीताचे अभ्यासक १९७९ पासून सुरुवात करतात. निर्माता म्हणून वॉल्डन यांचे नाव इतके मोठे झाले, की त्यांचे स्वतःचे अल्बम बहुधा चरित्रातील एखाद्या वाक्यात उरकले जातात.

त्यांचे जन्मनाव मायकेल. ‘नारद’ हे नाव त्यांना श्री चिन्मय (१९३१–२००७) यांनी दिले. चितगाव जिल्ह्यात जन्मलेले आणि पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमात वाढलेले चिन्मय १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले. सत्तरच्या दशकात तेथील अनेक नामवंत वादक त्यांचे शिष्य झाले. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांना ‘महाविष्णु’ आणि कार्लोस सान्ताना यांना ‘देवदीप’ ही नावे त्यांच्याकडूनच मिळाली. सॅक्सोफोनवादक क्लॅरन्स क्लेमन्स हेही याच वर्तुळातले. पुढे वॉल्डन यांच्या अल्बमांवर आणि त्यांनी निर्मिलेल्या गीतांत जी माणसे पुन्हापुन्हा दिसतात, त्यांपैकी बरीच या गुरुबंधुत्वातून आलेली आहेत. म्हणून या तपशिलाकडे निव्वळ कुतूहलाची बाब म्हणून पाहता येत नाही.

*पूर्वपीठिका.* १९७४ मध्ये मॅक्लॉफ्लिन यांनी ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ या आपल्या फ्यूजन बँडची नव्याने बांधणी केली, तेव्हा पहिल्या संचातील ड्रमर बिली कॉबम यांच्या जागी वॉल्डन आले. व्हायोलिनवादक झाँ-ल्यूक पाँटी, कीबोर्ड व गायनासाठी गेल मोरन आणि बास गिटारवर राल्फ आर्मस्ट्राँग असा हा दुसरा संच होता. त्याचा पहिला अल्बम ‘अपोकॅलिप्स’ (१९७४) लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या साथीने मायकेल टिल्सन टॉमस यांच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित झाला. निर्माता होते जॉर्ज मार्टिन. तरुण ड्रमरला यातून मोठ्या वाद्यवृंदाचा आणि काटेकोर स्टुडिओशिस्तीचा अनुभव मिळाला. त्यानंतर ‘व्हिजन्स ऑफ द एमरल्ड बियाँड’ (१९७५) आणि ‘इनर वर्ल्ड्स’ (१९७६) हे अल्बम आले.

या तीन अल्बमांकडे सहसा फक्त ड्रमवादनाच्या अंगाने पाहिले जाते. प्रत्यक्षात दुसऱ्या अल्बमातील ‘कॉस्मिक स्ट्रट’ ही वॉल्डन यांची रचना जवळपास सरळ फंक आहे आणि तिसऱ्यातील ‘रिव्हर ऑफ माय हार्ट’ हे त्यांचे संथ गीत. अर्थात १९७९ नंतर दिसणारा गीतकार वॉल्डन फ्यूजनच्या काळातच हजर होता. हा मुद्दा पुढील वादात महत्त्वाचा ठरतो.

१९७६ मध्येच ब्रिटिश गिटारवादक जेफ बेक यांचा ‘वायर्ड’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील आठ रचनांपैकी चार (‘कम डान्सिंग’, ‘सोफी’, ‘प्ले विथ मी’, ‘लव्ह इज ग्रीन’) वॉल्डन यांच्या आहेत. ड्रमवादन मात्र त्यांनी एकट्याने केलेले नाही. रिचर्ड बेली यांचाही त्यात वाटा आहे. ‘लव्ह इज ग्रीन’मध्ये वॉल्डन पियानोवर आहेत. त्याच वर्षी वेदर रिपोर्ट या फ्यूजन बँडच्या ‘ब्लॅक मार्केट’ या अल्बमातही त्यांनी ड्रम वाजवले. तेथील शीर्षक रचनेसाठी वॉल्डन व चेस्टर टॉमसन या दोन्ही ड्रमरांची नावे आहेत, तर जाको पास्टोरियस यांच्या बासमुळे स्मरणात राहिलेल्या ‘कॅनन बॉल’वर वॉल्डन यांची साथ आहे. दोन ड्रमरांची नावे एकाच रचनेखाली असल्यामुळे नंतरच्या लेखनात श्रेयाची अदलाबदल वारंवार झाली आहे. वॉल्डन यांना वेदर रिपोर्टचे ‘सदस्य’ म्हणणारी वर्णनेही अतिशयोक्त मानावीत.

*ठेक्याचा प्रश्न.* महाविष्णु ऑर्केस्ट्राच्या रचनांत मात्रांची विभागणी बहुधा विषम असते. सात, नऊ, दहा अशा आवर्तनांची उपविभागणी बदलत जाते आणि ड्रमर त्या तुकड्यांवर भरगच्च बोल रचतो. रूपक किंवा झपताल कानात असलेल्या श्रोत्याला हे हिशेब फार परके वाटत नाहीत. मॅक्लॉफ्लिन यांनी अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे शिक्षण घेतले होते आणि कर्नाटक संगीतातील लयविचाराचा ठसा त्यांच्या रचनांवर आहे. तो वॉल्डन यांच्या वादनात झिरपला असणे संभवते, पण तो थेट तालमीतून आला असे म्हणण्याइतका आधार नाही. कॉबम यांच्या वादनातून आलेला भाग त्याहून मोठा असावा.

सोल संगीताचा ठेका याच्या अगदी उलट वळणाचा. चार मात्रांचे आवर्तन, आणि ठसठशीत ठोका समेवर न पडता दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर, स्नेअर ड्रमवर (ड्रमसंचातील तडतडीत आवाजाचा ड्रम) पडतो. यालाच बॅकबीट म्हणतात. जेम्स ब्राउन यांच्या फंकने पहिल्या मात्रेचे वजन परत आणले. डिस्कोने बास ड्रमचा ठोका चारही मात्रांवर सारखा ठेवला आणि मधल्या अर्ध्या मात्रांवर हाय-हॅट (पायाने मिटता-उघडता येणारी झांजांची जोडी) उघडा सोडला. विषम आवर्तनांत वाढलेल्या ड्रमरला या चौकटीत करण्यासारखे फारसे उरत नाही, असा एक समज आहे. वॉल्डन यांचे अल्बम ऐकल्यावर तो टिकत नाही. त्यांची करामत बॅकबीटच्या आतल्या बारीक जागांत आहे. स्नेअरचे दबते, जेमतेम ऐकू येणारे ठोके, कडव्याच्या शेवटी टॉमटॉम या ड्रमांवरून धावत येऊन नेमके समेवर उतरणे, आणि गायकाचा श्वास जिथे तुटतो तिथे ड्रमने गप्प राहणे. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आणि निर्माता म्हणून त्यांच्या सर्वाधिक उपयोगी पडलेली.

*अल्बम.* ‘गार्डन ऑफ लव्ह लाइट’ हा पहिला अल्बम अटलांटिक कंपनीने काढला. बहुतेक सूचींत त्याचे वर्ष १९७६ असे आहे, काहींत १९७७. वर्ष सरतासरता आलेल्या तबकड्यांबाबत असा घोळ नेहमीचाच आहे. येथे १९७६ ग्राह्य धरले आहे. निर्माता टॉम डाउड हे ध्वनिमुद्रक म्हणून जॉन कोल्ट्रेन आणि अरेथा फ्रँकलिन या दोघांबरोबर काम केलेले गृहस्थ, म्हणजे जॅझ व सोल दोन्ही आतून ओळखणारे. जेफ बेक आणि कार्लोस सान्ताना यांची गिटार प्रत्येकी एका रचनेत आहे. ‘व्हाइट नाइट’सारख्या रचनांवर महाविष्णु ऑर्केस्ट्राची सावली स्पष्ट आहे, तर ‘डिलाइटफुल’ हे उघड सोल-गीत आहे. दोन्ही एकाच तबकडीवर शेजारी बसवणे तेव्हा विक्रेत्यांना पेचाचे वाटले असणार, कारण दुकानात तबकडी कोणत्या खणात ठेवायची हेच ठरत नव्हते. ‘आय क्राय, आय स्माइल’ (१९७७) या दुसऱ्या अल्बमाचा कल गायनाकडे अधिक आहे. त्याला फारसे यश आले नाही.

१९७९ मध्ये चित्र पालटले. त्या वर्षी दोन अल्बम आले. ‘अवेकनिंग’मधील ‘आय डोन्ट वाँट नोबडी एल्स (टू डान्स विथ यू)’ हे गीत ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या सोल यादीत पहिल्या दहांत पोहोचले. ‘द डान्स ऑफ लाइफ’मधील ‘आय शुडा लव्ह्ड या’ १९८० मध्ये त्याच यादीत चौथ्या आणि ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेले. वॉल्डन, बासवादक टी. एम. स्टीव्हन्स व गीतकार ॲली विलिस या तिघांची ही रचना. तिचा कणा स्टीव्हन्स यांचा अंगठ्याने आपटून वाजवलेला बास आहे आणि ड्रम जाणूनबुजून त्याच्या मागे राहतो. स्वतःच्याच अल्बमात ड्रमरने असे मागे सरकणे हे या मालिकेचे खास लक्षण म्हणावे लागेल. ब्रिटनमधील तिचे स्वागत तेथील जॅझ-फंकच्या क्लबांच्या आवडीशी जोडता येते. तेथे फ्यूजन आणि नृत्यसंगीत यांच्यात अमेरिकेसारखी भिंत नव्हती.

या वळणाचे दोन अर्थ लावले जातात. एका मताने हा बाजाराला दिलेला कौल होय : पहिल्या अल्बमाने पैसे मिळाले नाहीत, डिस्कोची लाट होती, कंपनीने दडपण आणले आणि एक अव्वल फ्यूजन ड्रमर नाचगाण्यांकडे वळला. फ्यूजनच्या इतिहासकारांत हे मत प्रचलित आहे. दुसऱ्या मताने सोल हीच वॉल्डन यांची मूळ भाषा. ते डेट्रॉइटच्या मोटाउन या सोल संगीताच्या कंपनीच्या राज्यात, तिचीच गाणी ऐकत वाढले आणि फ्यूजन हा मधला टप्पा. कंपनीचा आग्रह होता हे नाकारण्याचे कारण नाही. पण ‘कॉस्मिक स्ट्रट’, ‘कम डान्सिंग’ आणि ‘डिलाइटफुल’ या रचना १९७५–७६ मधल्या आहेत, म्हणजे डिस्कोच्या शिखरापूर्वीच्या. हा क्रम पाहता दुसरे मत अधिक पटते.

‘व्हिक्टरी’ (१९८०), ‘कॉन्फिडन्स’ (१९८२) आणि ‘लुकिंग ॲट यू, लुकिंग ॲट मी’ (१९८३) हे अटलांटिकवरचे पुढचे अल्बम. या काळात बासवर रँडी जॅक्सन (पुढे दूरचित्रवाणीवरील परीक्षक म्हणून घरोघरी माहीत झालेले), गिटारवर इटलीच्या नोव्हा बँडमधून आलेले कोर्राडो रुस्तिची आणि कीबोर्डवर फ्रँक मार्टिन असा संच जमला. पुढे वॉल्टर अफनासिएफही त्यात सामील झाले. या अल्बमांची विक्री बेताची राहिली, पण संच मुरला. ‘द नेचर ऑफ थिंग्ज’ (१९८५) वॉर्नरकडून आला. त्यात पॅटी ऑस्टिन यांच्यासोबतचे ‘गिमी, गिमी, गिमी’ हे युगुलगीत आहे. १९८८ मधील ‘डिव्हाइन इमोशन’वर कलावंताचे नाव फक्त ‘नारद’ असे छापले होते. त्याचे जवळपास शीर्षकगीतच असलेले ‘डिव्हाइन इमोशन्स’ ब्रिटनमध्ये पुन्हा आठव्या क्रमांकावर गेले.

*निर्मितीशी नाते.* १९८० मध्ये वॉल्डन यांनी स्टेसी लॅटिसॉ या अवघ्या १३ वर्षांच्या गायिकेचा ‘लेट मी बी युवर एंजल’ हा अल्बम केला. त्यातील ‘जंप टू द बीट’ ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. शीक या डिस्को बँडच्या निर्मात्यांकडून आलेल्या सिस्टर स्लेज या गायिकांच्या गटाचा ‘ऑल अमेरिकन गर्ल्स’ (१९८१) आणि अँजेला बोफिल यांचे काम त्यापाठोपाठ झाले. १९८५ पासून सॅन रफाएल (कॅलिफोर्निया) येथील त्यांचा टारपन स्टुडिओ या निर्मितीचे केंद्र राहिला.

स्वतःचे अल्बम आणि इतरांसाठी केलेली निर्मिती यांतला दुवा सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘फ्रीवे ऑफ लव्ह’मध्ये. वॉल्डन व जेफ्री कोहेन यांचे हे गीत मुळात वॉल्डन यांच्या स्वतःच्या अल्बमासाठी होते. ते १९८५ मध्ये अरेथा फ्रँकलिन यांच्या ‘हूज झूमिन हू?’ अल्बमात आले, सोल यादीत अव्वल ठरले आणि वॉल्डन व कोहेन यांना सर्वोत्कृष्ट रिदम अँड ब्लूज गीताचे ग्रॅमी देऊन गेले. त्यातील सॅक्सोफोन क्लॅरन्स क्लेमन्स यांचा. हेच गीत वॉल्डन यांच्या आवाजात आले असते तर त्याचे काय झाले असते, याचा अंदाज त्यांच्या आधीच्या विक्रीवरून बांधता येतो. त्यांचा गळा हलका, उंच पट्टीत रमणारा आणि गोड आहे, पण संचाच्या वर चढून बसणारा नाही. अरेथा यांच्या आवाजाने ती उणीव भरून निघाली.

यानंतरचा इतिहास सर्वज्ञात आहे. व्हिटनी ह्यूस्टन यांचे ‘हाउ विल आय नो’ व ‘आय वाँना डान्स विथ समबडी’, स्टारशिप बँडचे ‘नथिंग्ज गाँना स्टॉप अस नाउ’, अरेथा व जॉर्ज मायकेल यांचे ‘आय न्यू यू वेअर वेटिंग (फॉर मी)’ ही सर्व अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली गीते त्यांच्या निर्मितीतली. यांपैकी शेवटची तीन एकाच वर्षी, १९८७ मध्ये. १९८८ च्या ग्रॅमी समारंभात त्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट निर्मात्याचा पुरस्कार मिळाला. ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटाच्या संगीतासाठी १९९४ मध्ये मिळालेल्या सर्वोत्कृष्ट अल्बमच्या ग्रॅमीतही ते सहभागी होते. या गीतांच्या ध्वनीत सिंथेसायझर आणि ड्रम मशीन ठळक आहेत, त्यामुळे निर्मात्याचा मूळ व्यवसाय चटकन ध्यानात येत नाही. कडव्यातून ध्रुपदात शिरताना ठेका कसा ताणला आणि कुठे मोकळा सोडला आहे, हे बारकाईने ऐकल्यास मात्र ड्रमरचा हात ओळखू येतो.

नव्वदच्या दशकापासून त्यांचे स्वतःचे अल्बम विरळ झाले आणि त्यांवर लेखनही थोडेच आहे. १९९६ मध्ये ऱ्हायनो कंपनीने ‘एक्स्टसीज डान्स’ या नावाने निवडक गीतांचे संकलन काढले. नवख्या श्रोत्यास ते सोयीचे असले, तरी पहिल्या अल्बमाची प्रकृती समजण्यासाठी मूळ ‘गार्डन ऑफ लव्ह लाइट’ ऐकणे इष्ट. २०२० मध्ये वॉल्डन रँडी जॅक्सन यांच्यासह जर्नी या रॉक बँडमध्ये ड्रमर म्हणून दाखल झाले. २०२२ मध्ये आलेल्या जर्नीच्या ‘फ्रीडम’ अल्बमात ड्रमवादन त्यांचे असून निर्मितीतही त्यांचा वाटा आहे.