पाणी धरून ठेवणारं रान

दर पावसाळ्यात एक बातमी येते: मुंबईच्या नॅशनल पार्कातला तुळशी तलाव भरून वाहू लागला. आमच्याकडे ती आई मोठ्याने वाचून दाखवते, घरातल्याच कुणाचा निकाल लागल्यासारखी. गेल्या वर्षी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने तिला अडवलं. "आजी, तलाव पावसाने भरतो ना? मग पाऊस गेल्यावर नॅशनल पार्कातली नदी कशी वाहत राहते?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पाऊस थांबू दे, आपण जाऊनच बघू.

त्यामुळे नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिघी बोरिवलीच्या गेटवर उभ्या होतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. एका अंगाला बोरिवली, कांदिवली, गोरेगाव, दुसऱ्या अंगाला मुलुंड आणि ठाणे, आणि वर वसईच्या खाडीपलीकडे नागलाचा तुकडा. जांभूळमाळ हा इथला सर्वांत उंच माथा ४६८ मीटरचा. म्हणजे हे डोंगर सह्याद्रीच्या मानाने ठेंगणेच, पण लहान मुलांना आणि साठी उलटलेल्या गुडघ्यांना तेच सोयीचं.

आम्ही शिलोंड्याची वाट निवडली. या वाटेवर मनाला येईल तसं शिरता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते आणि सोबत वाटाड्या घ्यावा लागतो. मला तर हा नियम फार आवडतो. आमच्यासोबतचे दादा पार्कातल्याच एका पाड्यावर वाढलेले होते. जी गोष्ट मी शंभरदा ओलांडून गेले असते, तिथे ते थांबायचे.

पहिला प्रयोग लेकीनेच केला. डांबरी रस्ता सोडायच्या आधी तिने बाटलीतलं घोटभर पाणी रस्त्यावर ओतलं. पाण्याची बारीक धार सरळ कडेच्या गटाराकडे पळाली. मग झाडीत शिरल्यावर तेवढंच पाणी तिने पाचोळ्यावर ओतलं. पानं किंचित चमकली, आणि पाणी गेलं. कुठे गेलं? दादांनी काडीने पाचोळा बाजूला केला. वर कोरडी, कुरकुरीत पानं. त्याखाली ओलसर, काळी पडलेली, अर्धवट कुजलेली. त्याच्याखाली पान कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते ते सांगता येईना. पांढऱ्या बुरशीचे धागे, केसांसारखी मुळं, आणि एक वाणी किडा लगेच वेटोळं करून बसला. आईने मातीची चिमूट नाकाशी नेली आणि म्हणाली, "पहिल्या पावसाचा वास."

लेकीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या चिमटीत होतं. पावसाचा टपोरा थेंब उघड्या जमिनीवर आपटला की मातीचे कण फुटतात, बारीक धूळ भोकांमध्ये बसते आणि वर एक पापुद्रा तयार होतो. मग पुढचं पाणी आत न जाता वाहून जातं, जाताना माती घेऊन जातं. रानात थेंबाचा मार आधी वरची पानं खातात, मग झुडपं, मग पाचोळा. मातीपर्यंत पाणी पोचतं तेव्हा त्याचा जोर गेलेला असतो. खाली गांडुळं, वाळवी आणि मुंग्यांनी बिळं पाडलेली असतात, मेलेल्या मुळांच्या जागी नळ्या उरलेल्या असतात. पाणी त्यातून हळूहळू खाली उतरतं.

उरलेलं अर्धं उत्तर दगडात आहे. मुंबईचे हे डोंगर ज्वालामुखीतून आले. दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले तो काळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि आपल्या बेटांवरचे काही खडक त्याच्याही थोडे नंतरचे. घट्ट काळा पाषाण स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि वर झिजून तयार झालेल्या मुरमात. इथली माती बऱ्याच ठिकाणी जेमतेम वीतभर. मुंबईत चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो सगळा एवढ्याशा थरातून आणि भेगांतून जिरायचा, तर त्याला वेळ मिळायला हवा. तो वेळ रान देतं. पाऊस परतल्यानंतरही आठवडेच्या आठवडे हा भिजलेला डोंगर ओढ्यांच्या काठाने पाझरत राहतो. नोव्हेंबरात आम्ही ओलांडलेला ओढा आभाळातून आलेला नव्हता, डोंगराच्या पोटातून आलेला होता.

इथे एक समजूत मात्र दुरुस्त करायला हवी. रान पाणी तयार करत नाही. उलट झाडं भरपूर पाणी पितात आणि पानांवाटे हवेत सोडतात. रानाचं काम पाण्याचा वेग कमी करण्याचं. पण जिथे वर्षाचा जवळपास सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तिथे हे काम केवढं मोठं आहे!

दादांनी लेकीच्या तळहातावर सागाचा एक कोवळा, तुटून पडलेला शेंडा ठेवला आणि चोळायला सांगितलं. तळवा लालभडक झाला, मेंदी रंगावी तसा. पुढे त्यांनी सागाचंच एक जून पान उचललं. ते पान नव्हतंच, जाळी होती. एक छोटी अळी शिरांमधला हिरवा, मऊ भाग खाते आणि शिरा तशाच सोडते. पावसाळा सरता सरता सागाच्या रानात अशी पानं खूप सापडतात. लेकीने ते आभाळासमोर धरलं. मधली जाड शीर, तिला फुटलेल्या उपशिरा, त्यांना जोडणारं केसाएवढं बारीक जाळं. मी तिला सांगितलं, हे पानाचे नळ. मुळांनी ओढलेलं पाणी याच वाटांनी पानाच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं. "मग आपण अळीचे आभार मानायला हवेत," ती म्हणाली. ते पान घरी आणता आलं नाही, रानातलं रानातच ठेवायचं असतं. तिने तिथेच बसून वहीत त्याचं चित्र काढलं. चांगली वीस मिनिटं आम्ही तिथे होतो. मुलांबरोबर रान चालायचं तर किलोमीटर मोजू नयेत. दोन तासांत दीड किलोमीटर झालं तरी पुष्कळ झालं.

त्या वाटेवर जवळपास प्रत्येक झाडाची पाण्याची आपली रीत आहे. साग उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून देतो, कारण पानं ठेवली तर त्यांतून पाणी उडत राहणार. कांडोळ तर पूर्ण निष्पर्ण होतो आणि त्याचं पांढुरकं, गुळगुळीत खोड रात्री चांदण्यात असं दिसतं की लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. त्याची वरची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवा थर असतो. पानं नसतानाही तिथे थोडं अन्न तयार होतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, खवल्याखवल्यांची. मुलांना हे झाड एकदा दाखवलं की ती पुन्हा विसरत नाहीत.

आणि उतारांवर कारवी. कमरेएवढी, कुठे डोक्यावर जाणारी, दाट. एरवी तिच्याकडे कुणी बघत नाही, पण या उतारांची माती धरून ठेवण्यात तिचा वाटा मोठा आहे. कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस सगळी एकदम फुलते आणि बी धरून मरते. इथे ती २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. एकदम फुलण्यामागे हिशोब असावा असं अभ्यासक मानतात: इतकं बी एकाच वेळी तयार झालं की खाणाऱ्यांनी पोटभर खाऊनही पुष्कळ उरतं. वाळलेल्या बोंडांना ओल लागली की ती तडतडून फुटतात आणि बी लांब उडतं. पाड्यांवरची जुनी घरं याच कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, वरून शेणमातीने लिंपलेली. आमचे दादा अशाच घरात जन्मले.

बिबट्याचं काय, हा प्रश्न प्रत्येक आईबाप विचारतात, आणि विचारायलाच हवा. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप (रानात लावलेले, आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे) पाहणीत इथे ३५ बिबटे मोजले गेले. ते मुख्यतः संध्याकाळनंतर आणि पहाटे हिंडतात. म्हणून दिवसाउजेडी जावं, मुलांना पुढे धावू देऊ नये, गटाने राहावं, वाटाड्याचं ऐकावं, अंधाराआधी बाहेर पडावं. पाड्यांवरचे वारली पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पूजतात आणि त्याच्या शेजारी राहतात.

याच उद्यानातली कान्हेरीची बौद्ध लेणी आम्ही दुसऱ्या रविवारसाठी राखून ठेवली. दोन्ही एका दिवसात करू नये, मुलं दमली की त्यांना काहीच दिसत नाही. मुख्य गेटापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, बसने जाता येतं. सोमवारी बंद असतं. इसवीसनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं इथे खोदकाम आणि वस्ती चालू होती. लेण्यांची संख्या शंभराच्या वर. सगळे तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, जातात, ओसरीच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या भव्य बुद्धमूर्तींपुढे फोटो काढतात आणि परततात. माझी विनंती आहे, मुलांना घेऊन पायऱ्यांनी आणखी वर जा आणि पायाखाली बघा.

पायाखाली पन्हळी आहेत. कातळात कोरलेल्या, बोटभर ते हातभर रुंद. एक पन्हळ धरून लेक वाकून चालत गेली. ती उतरत उतरत एका विहाराच्या दारापाशी आली, आणि तिथे चौकोनी तोंडाचं टाकं होतं, आत काळंशार पाणी. पुढच्या विहारापाशी पुन्हा टाकं. जवळजवळ प्रत्येक भिक्षूच्या घराला आपली पाण्याची सोय. इथल्या ब्राह्मी लेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटलंय, आणि पोढी दान करणाऱ्यांत कल्याणचा एक सोनारही आहे. शिकली-सवरलेली माणसं दोन हजार वर्षांपूर्वी उघड्या कातळावर उभी राहून पाणी कुठून वाहतं ते बघत होती, आणि मग छिन्नी उचलत होती. कातळ पाणी पीत नाही, हीच गोष्ट त्यांनी कामाला लावली. (टाक्यांच्या कडेला मुलांचा हात सोडू नका. कडा निसरड्या असतात आणि आतली खोली कळत नाही.)

माथ्यावर गेलं की दरीपलीकडे तलावाचं पाणी दिसतं. पाणी साठवायचं कसं, हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात मुंबई शहराला पडला होता. विहिरी आणि तळी पुरेनात. मग हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ साली मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचं काम सुरू झालं, १८६० साली नळाने पाणी शहरात आलं. १८७९ साली तुळशी बांधून झाला. तलाव स्वच्छ राहायचे तर भोवतीचे डोंगर राखायला हवेत, म्हणून ती पाणलोटाची जमीन राखली गेली. आज या रानाचा गाभा उभा आहे तो मोठ्या प्रमाणात यामुळे. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यात तुळशी आणि विहार मिळून जेमतेम तीनेक टक्के देतात, बाकीचं दुरून, तानसा-वैतरणा-भातसाहून येतं. पण या तीन टक्क्यांनी एक अख्खं रान वाचवलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

परतताना बसमधून उतरून आम्ही नदीवरच्या पुलावर थांबलो. दहिसर नदी तुळशीच्या सांडव्यापाशी उगम पावते. तलाव ओसंडायचा केव्हाच थांबला होता, पण गुळगुळीत गोट्यांमधून पाणी वाहत होतं, तळ दिसेल इतकं नितळ. लेकीने आजीला बोलावून ते दाखवलं, प्रश्न तिचाच होता ना.

मग आम्ही गेटबाहेर आलो, रिक्षा केली. दौलतनगरकडे वळताना दोन भिंतींच्या मधून वाहणारं काळपट पाणी आलं. इतकी वर्षं आम्ही त्याला नालाच म्हणत होतो. लेक वाकून बघत राहिली. "आई, ही तीच का?"

"तीच," आजी म्हणाली.