पाण्यात उतरली म्हणजे नौदलात गेली?

‘वागशीर नौदलात दाखल!’ हा वागशीर पाणबुडीबद्दलचा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर दोनदा आला. एकदा एप्रिल २०२२ मध्ये, एकदा जानेवारी २०२५ मध्ये. दोन्ही वेळा मामांनीच टाकला, खाली तिरंग्यांची रांग. खरा फक्त दुसरा.

पहिल्या वेळी झालं होतं जलावतरण, म्हणजे पाणबुडी पहिल्यांदा पाण्यात उतरवणं; दुसऱ्या वेळी कमिशनिंग, म्हणजे ती रीतसर नौदलात दाखल होणं. कमिशनिंग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं: नेव्हल डॉकयार्ड, बँड, पांढरे गणवेश, पंतप्रधान. त्यावर वेळ घालवत नाही.

घोळ सगळा जलावतरणाचा. माझगाव डॉक या मुंबईच्या गोदीत नारळ फुटतो, टाळ्या पडतात आणि पाणबुडी तरंगते. तरंगते, बस्स. खाली जाऊन धड वर येते का, हे अजून कुणी पाहिलेलं नसतं, आणि पाणबुडीकडून अपेक्षा तर तीच! शेवटचा स्लॅब पडला म्हणून ओसी (इमारतीत राहायला जायचा दाखला) आली असं समजणारा मुंबईकर मला दाखवा.

वागशीरच्याच वर्गातली पहिली पाणबुडी कलवरी, तिचंच बघा. जलावतरण २७ ऑक्टोबर २०१५. स्वतःच्या जोरावर ती पहिल्यांदा समुद्रात गेली १ मे २०१६ ला, ऐन महाराष्ट्रदिनी. मग चाचण्या: आधी पाण्यावर, मग पाण्याखाली. सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचा वेध घेणारं यंत्र), टॉर्पेडो, इंजिनं, शिवाय पोटातले ३६० बॅटरी सेल, एकेक ७५० किलोचा. मार्च २०१७ मध्ये क्षेपणास्त्र डागून झालं. कमिशनिंग उजाडलं १४ डिसेंबर २०१७ ला. दोन वर्षं उलटून गेली होती. त्याच वर्गातल्या करंज पाणबुडीला तर तीन लागली.

एवढे दिवस पाणबुडी गोदीचीच असते. वागशीर नौदलाच्या हवाली झाली ती ९ जानेवारी २०२५ ला, कमिशनिंगच्या जेमतेम सहा दिवस आधी. म्हणून जलावतरणाच्या बातमीत नावाआधी ‘आयएनएस’ (इंडियन नेव्हल शिप) दिसलं की माझं डोकं उठतं. ते तीन अक्षरी बिरुद कमिशनिंगलाच लागतं. तोवर कागदोपत्री ती ‘यार्ड ११८८०’, म्हणजे गोदीतला नुसता बांधणी क्रमांक.

जाता जाता: माझगाव डॉक बांधतं, नेव्हल डॉकयार्ड दुरुस्ती बघतं. माझगाव डॉकजवळच्या डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून नेव्हल डॉकयार्डचं लायन गेट शोधणाऱ्यांनी परत गाडी पकडावी.

सेवेचं वयही कमिशनिंगपासूनच मोजतात. जुनी, रशियन बनावटीची कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला रिगा बंदरात दाखल झाली, ३१ मे १९९६ ला निवृत्त. म्हणजे साडेअठ्ठावीस वर्षं. नौदलाचा पाणबुडी दिनही त्यामुळे ८ डिसेंबरलाच.

हे सगळं मी ग्रुपवर नीट, तारखांसकट लिहिलं. मामांचं उत्तर आलं: ‘जय हिंद’. खाली तिरंग्यांची रांग.