गुण[३] <- ७२ : आर भाषेतल्या एका ओळीची पार्श्वभूमी

आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत गुण[३] <- ७२ असं लिहिलं की 'गुण' या व्हेक्टरचा, म्हणजे एकाच प्रकारच्या घटकांच्या क्रमवार यादीचा, तिसरा घटक ७२ होतो. वरवर पाहता मेमरीतला एक आकडा पुसून तिथे दुसरा लिहिला, एवढंच. भाषेचा नियम मात्र वेगळं सांगतो. `[<-` हे फंक्शन (दिलेल्या गोष्टींवर ठरलेलं काम करून उत्तर देणारा कोडचा तुकडा) जुना व्हेक्टर, क्रमांक आणि नवी किंमत घेतं, सुधारलेला अख्खा व्हेक्टर परत करतं, आणि 'गुण' हे नाव त्याला दिलं जातं. त्याच व्हेक्टरला आधी दुसरंही नाव दिलेलं असेल, तर त्या नावाखालचे आकडे जसेच्या तसे राहतात.

कंसात क्रमांक द्यायचे आणि डावीकडे रोखलेल्या बाणाने किंमत भरायची, ही पद्धत केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल भाषेत १९६० च्या दशकातच होती. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिच्या धर्तीवर पुढे आर घडली त्या एस भाषेचं काम सुरू केलं, तेव्हा बाण तिथेही आला. त्या काळच्या काही टर्मिनलांवर बाणाची स्वतंत्र कळ होती. प्रमाण अक्षरसंचात मात्र बाणाच्या जागी अधोरेखा (_) आली होती, त्यामुळे एसमध्ये आणि नंतर आरमध्येही अधोरेखा किंमत देण्यासाठी चालत असे. आरने ती सोय २००३ मध्ये, १.८.० आवृत्तीत काढून टाकली.

एसची १९८८ मध्ये नव्याने मांडणी झाली आणि फंक्शन हा भाषेचा कणा ठरला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर काम इथे आहे. नेम्स(गुण)[२] <- "गणित" ही ओळ पाहा. बाणाच्या डावीकडे साधं नाव नाही, फंक्शनची हाक आहे, तिच्यावर पुन्हा कंस. तरी ती चालते, कारण ती पायरीपायरीने उलगडते: आधी नावांचा व्हेक्टर बाहेर काढायचा, त्यातलं दुसरं नाव बदलायचं, मग बदललेली सगळी नावं गुणांवर परत बसवायची. अशी बदल करणारी फंक्शनं वापरणाऱ्यालाही स्वतः लिहिता येतात.

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात आर घडवली. स्कीम भाषेचा प्रभाव असूनही त्यांनी जुना व्हेक्टर तसाच ठेवून सुधारलेला परत करण्याचा एसचा नियम सांभाळला. विश्लेषण करणाऱ्यासाठी तो मोठा आधार आहे: फंक्शनला दिलेली मूळ नोंद फंक्शनच्या आत कितीही बदलली, तरी बाहेर सुरक्षित राहते.

त्याची किंमत मेमरीत मोजावी लागली. एक कोटी दशांशी आकड्यांचा व्हेक्टर सुमारे आठ कोटी बाइट घेतो. एक घटक बदलायला त्याची नक्कल करणं परवडत नाही. म्हणून व्हेक्टर एकाच नावाला जोडलेला असेल, तर आर आतल्या आत तोच बदलते. पण किती नावं जोडली आहेत, हा हिशेब बरीच वर्षं ढोबळ होता: शून्य, एक, किंवा 'एकाहून जास्त असू शकतात'. शेवटचा शिक्का सहसा पुसला जात नसे आणि विनाकारण नकला होत. २०२० च्या ४.० आवृत्तीत ल्यूक टिअर्नी यांच्या कामातून प्रत्यक्ष संदर्भमोजणी, म्हणजे जोडलेल्या नावांची खरी मोजदाद, आली आणि अशा नकला कमी झाल्या.

गुणांच्या यादीत एका जागी "गैरहजर" हा शब्द भरला, की सगळे आकडे मजकूर होतात आणि सरासरी काढताना एनए ('किंमत उपलब्ध नाही' ही खूण) हाती येतं. व्हेक्टरमध्ये एकाच प्रकारचे घटक राहतात, त्याचाच हा परिणाम. आर यावर भरतानाच इशारा देत नाही, हे मला आजही खटकतं. अशा जागी थेट एनए भरावं.

चार घटकांच्या व्हेक्टरला दहावा दिला, तर पाचवा ते नववा आपोआप एनए होतात. ही मोकळीक सोयीची, पण लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हापुन्हा करताना, एकेक घटक जोडत गेलं की पूर्वी दर वेळी नवा व्हेक्टर बनत असे. २०१७ च्या ३.४.० आवृत्तीपासून आर असं वाढवताना थोडी जास्तीची जागा राखून ठेवते. तरीही त्याच आवृत्तीच्या टिपणात सांगितलं होतं की पूर्ण लांबीचा व्हेक्टर आधी तयार करून मग किंमती भरणंच बरं.