मोठ्या टायरसाठी डिफरन्शिअलचा रेशो

फोर बाय फोर गाडीला मूळ मापापेक्षा मोठे टायर चढवले की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि इंजिनाला प्रत्येक गिअर जड पडतो. हे भरून काढण्यासाठी दोन्ही ॲक्सलच्या डिफरन्शिअलमधला क्राउन-पिनियनचा जोड, म्हणजे मोठे दातेरी चक्र (क्राउन) आणि त्याला फिरवणारे छोटे चक्र (पिनियन), बदलतात. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की रेशो मिळतो. ४३ आणि १० दाते म्हणजे ४.३०.

हिशेब सोपा आहे : जुना रेशो गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास. २३५/७० आर १६ टायरचा व्यास सुमारे ७३५ मिमी, ३३ इंचीचा ८३८ मिमी. म्हणजे ४.३० च्या जागी ४.९० हवा, जवळचा जोड ३९/८, म्हणजे ४.८७५. डायरेक्ट गिअरमध्ये (गिअरबॉक्सचा रेशो १:१ असताना) ताशी ८० किमीला इंजिन आधी मिनिटाला सुमारे २४८० फेरे घेत असेल, तर नुसते टायर बदलल्यावर २१८०, नव्या जोडासह २४७०. छापील व्यासावर मात्र विसंबू नये. भरलेल्या गाडीच्या टायरवर खडूची खूण करून एक फेरा ढकलावे आणि कापलेले अंतर ३.१४ ने भागावे.

मुंबईच्या गाडीला दोन टोके सांभाळावी लागतात. सायनच्या कोंडीत हाफ क्लचवर रांगताना क्लच प्लेट जळते, आणि कसारा घाटात वरचा गिअर ओढत नाही. म्हणून उत्तर दोन जोडांच्या मधोमध आले तर मोठ्या आकड्याचा जोड घ्यावा. मोठा टायर वजनालाही जड असतो. पण आकडा वाढतो तसे पिनियनचे दाते कमी होतात आणि तो नाजूक होतो.

पुढचा-मागचा रेशो एकच हवा. ‘मागचा आत्ता, पुढचा नंतर’ असे केल्यास फोर व्हील अजिबात लावू नये; डांबरी रस्त्यावर दोन्ही ॲक्सल एकमेकांना ओढतात आणि दोन्ही ॲक्सलना ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केस अडकतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना जोड घेताना क्राउन आणि पिनियनवर कोरलेला जोडक्रमांक जुळतो का ते पाहावे. दोघे एकमेकांवर घासून जुळवलेले असतात.

खरे कसब बसवण्यात आहे. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी), बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) टॉर्क रेंचने, बॅकलॅश (दोन्ही चक्रांच्या दात्यांमधली मोकळीक) डायल गेजने लावतात. बॅकलॅश साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी, पण त्या ॲक्सलचे माप अंतिम. मग क्राउनच्या दात्यांना मार्किंग पेस्ट लावून फिरवतात. ठसा दात्याच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत आहे, टोकाशी उमटला तर फार बाहेर. तो उंचीच्या मध्यावर येईपर्यंत शिम बदलत राहावे. इथे घाई केली की क्राउन गुणगुणतो आणि दाते खरवडतात. क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगमधली दबणारी नळी) आणि क्राउनचे बोल्ट नवेच घ्यावेत.

पहिली फेरी २०-२५ किमीची, मग ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा. ८०० किमीपर्यंत ओझे ओढू नये आणि त्यानंतर जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल बदलावे. स्पीडोमीटरचा सेन्सर ट्रान्सफर केसवर असेल तर काटा आपोआप बराचसा जुळतो; चाकावर असेल तर वेगळा सुधारावा लागतो.

दादरच्या हिंदमातासारख्या पावसात पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी पाण्यातून गाडी काढल्यास तापलेला ॲक्सल एकदम थंड होऊन सीलमधून पाणी आत ओढतो. ब्रीदरची (ॲक्सलमध्ये हवा आत-बाहेर सोडणाऱ्या तोंडाची) नळी इंजिनाच्या कप्प्यापर्यंत वर न्यावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्याच दिवशी बदलावे.